शब्दांची वही मिटव, चुकांची उघड

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. गाव बार्शी, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गेल्या नोव्हेंबरात कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीएची प्रवेशपरीक्षा दिली. क्वांटमध्ये (गणितात) ९४ पर्सेंटाइल, व्हर्बलमध्ये (इंग्रजीत) ५८. तेव्हापासून रोज २० इंग्रजी शब्द पाठ करतोय, अग्रलेख वाचतोय. तरी मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, व्हर्बलची २४ पैकी ९ च्या वर उत्तरं बरोबर येत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाने आयआयएमचा नाद सोडावा का? शेवटच्या मॉकचा निकाल सोबत जोडलाय.

उत्तर : नाद सोडू नकोस. ती शब्दांची यादी मात्र आजच सोड.

व्हर्बलचा पेपर तू स्वतः दिलायस, आठवून बघ. ४० मिनिटांत २४ प्रश्न. १६ उताऱ्यांवरचे, उरलेल्या ८ मध्ये विस्कटलेली वाक्यं लावायची, उपरं वाक्य हुडकायचं, परिच्छेदाचं सार निवडायचं, गाळलेलं वाक्य जागेवर बसवायचं. 'या शब्दाचा अर्थ सांगा' असा सुटा प्रश्न होता का कुठे? तरी तू यादी घोकतोयस, कारण घोकलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. दहावीला या सवयीने तारलं असेल, इथे तारणार नाही.

आता तुझा मॉक. तू २४ च्या २४ प्रश्न सोडवलेस. ९ बरोबर, म्हणजे २७ गुण. चुकलेल्या १५ मधले ४ पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे, म्हणजे 'टीटा'. त्यांना दंड नाही. बाकी ११ चे ११ गुण गेले. हाती राहिले १६. त्यातला चौथा उतारा तू शेवटच्या पाच मिनिटांत उरकलास आणि त्याचे चारही प्रश्न चुकले. तो उघडलाच नसतास, तर २० झाले असते, आणि ती पाच मिनिटं बाकीच्या तीन उताऱ्यांना मिळाली असती. सध्या तीनच उतारे घे. टीटा मात्र एकही कोरा ठेवायचा नाही. पाच वाक्यांतलं उपरं वाक्य नाहीच सुचलं तरी एक आकडा टाकून पुढे जा.

पण मला जास्त रस पहिल्या तीन उताऱ्यांत आहे. तिथे १२ पैकी ७ बरोबर, ५ चूक. इंग्रजी कळत नसतं तर सात आले नसते. चुकलेल्या पाचांपैकी चारांत तू निवडलेला पर्याय एकाच जातीचा आहे. ती जात मराठीतच दाखवते, म्हणजे भाषेला बोल लावता येणार नाही. हा उतारा घे :

'गावात बोअर आल्या आणि विहिरीवरची रांग संपली. पण त्या रांगेकडे पाहून पाणी किती उरलंय ते साऱ्या गावाला कळायचं. आता ज्याची मोटर त्यालाच ठाऊक.'

लेखकाचं म्हणणं काय? एक : बोअरमुळे जमिनीतलं पाणी खोल गेलं. दोन : रांगेबरोबर पाण्याची गावभर होणारी खबरही गेली. तीन : विहिरीच बऱ्या होत्या, बोअर घ्यायलाच नको होत्या.

तू बार्शीचा, तुझा हात पहिल्या पर्यायाकडे जाईल. ते खरंही असेल, पण लेखक त्याबद्दल अवाक्षर बोललेला नाही. तिसऱ्यात त्याच्या तोंडी नसलेला निकाल घातलाय. उत्तर दुसरं. तुझ्या चारही चुका पहिल्या पर्यायासारख्या आहेत : जगात खरं, उताऱ्यात नाही. (इंग्रजी माध्यमाची मुलं यातून सुटतात असं समजू नकोस. त्यांना कानाला गोड लागणारा पर्याय फसवतो.)

तेव्हा शब्दांच्या वहीऐवजी चुकांची वही कर. प्रत्येक चुकीपुढे एकच ओळ, मराठीत : मी हे का निवडलं? 'ठाऊक होतं म्हणून', 'अर्धंच जुळत होतं', 'टोकाचं विधान दिसलंच नाही', 'घाई'. पंधरा दिवसांत तुझी आवडती चूक तुला कळेल.

ड्युटीवरून आल्यावर रोज दोनच उतारे. वाचताना वाक्यागणिक मनात भाषांतर करू नकोस, त्याने वेळ जातो आणि धागाही सुटतो. उतारा संपला की स्क्रीनवरून नजर काढ आणि लेखक काय म्हणाला ते दोन वाक्यांत मोठ्याने सांग. मराठीत सांगितलंस तरी चालेल. सांगता आलं नाही, तर प्रश्नांकडे वळू नकोस. सोडवायला जितका वेळ लागला, तितकाच चुका तपासायला दे.

अग्रलेख वाईट नाहीत, पण ते छोटे आणि ओळखीच्या विषयांवरचे असतात. कॅटमध्ये तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, पर्यावरण, मानसशास्त्र असं काहीही समोर येतं. 'एऑन' या संकेतस्थळावरचे लांब निबंध फुकट आहेत, कॅटने तिथून उतारे घेतलेलेही आहेत. आठवड्याला तीन वाच, विशेषतः शीर्षक पाहून कंटाळा येईल असे.

क्वांटवर निभावून नेईन, हा हिशेब मात्र सोड. आयआयएम विभागवार कटऑफ लावतात, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. जोडीला महाराष्ट्राची एमबीए सीईटी भर. १५० मिनिटांत २०० प्रश्न, चुकीला दंड नाही, आणि मुंबईच्या जमनालाल बजाज या व्यवस्थापन संस्थेची वाट तिथूनही जाते. तिथे वेग लागतो, तो तुझ्याकडे आहे. फक्त कॅटमध्ये तो वापरू नकोस.

पुढचे चार मॉक झाले की मला लिही. गुण नकोत, त्या वहीची पानं पाठव.