न मारता मुलं ऐकतात का?

हा प्रश्न ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पालक विचारतात, शिक्षक विचारतात, कधी नातवाला घेऊन आलेले आजोबाही विचारतात. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात तो एका निवृत्त बाईंनी विचारला. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

बाई मूळच्या वसईकडच्या, ख्रिस्ती. लग्न होऊन ठाण्यात आल्या आणि मराठी माध्यमाच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ऑगस्टच्या सुट्टीत चर्चच्या एका गटाबरोबर त्या पश्चिम केनियात जाणार होत्या, तिथल्या मिशनच्या प्राथमिक शाळांमधल्या शिक्षकांना वर्गातली शिस्त शिकवायला. तिकीट आलं होतं, टिपणं तयार होती, फक्त झोप लागत नव्हती.

“मॅडम, तिकडे एकेका वर्गात सत्तर-ऐंशी मुलं. ते म्हणणार, छडीशिवाय आवरून दाखवा. वर बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं वचन काढणार, छडी आवरतो तो मुलाचा वैरी. मी काय सांगू त्यांना?”

केनियात शाळेतली छडी 2001 मध्येच बंद झाली. तिथल्या 2013 च्या शिक्षण कायद्यात शारीरिक आणि मानसिक अशा दोन्ही छळांना मनाई आहे, आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 सारखीच. पण 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं, मुलांची रीघ लागली, शिक्षक त्या मानाने वाढले नाहीत. छडीला तिकडे ‘किबोको’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाणघोडा. त्याच्या कातड्याचा चाबूक करत, त्यावरून आलेला. तो किबोको कायद्यानंतरही कित्येक वर्गांत राहिलाच.

वचनाचं मी बाईंवरच सोपवलं, तो माझा प्रांत नव्हे. पुढच्या भेटीत त्या बायबलमधल्याच इफिसकरांस पत्रातलं सहाव्या अध्यायाचं चौथं वचन घेऊन आल्या, मुलांना चिरडीस आणू नका असं सांगणारं. मला ते आवडलं. पण ऐंशी मुलांसमोर दमलेल्या माणसाचा उगारलेला हात वचनाला वचनाने उत्तर देऊन खाली येत नाही, असं मला वाटतं आणि मी ते बोलले.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट निघाली. साल 1994, इयत्ता चौथी. एका मुलाने गृहपाठ केला नव्हता. बाईंनी लाकडी पट्टी उभी धरून त्याच्या बोटांवर मारली. “त्यानंतर वर्षभर मी त्याच्या बाकाजवळ गेले की तो आपणहून हात पुढे करायचा. नुसती वही बघायला गेले तरी.” बाईंनी स्वतःचा हात पुढे करून दाखवला आणि तो तसाच राहिला. “मी कोणत्या तोंडाने शिकवू?”

‘तो काळच तसा होता’ असं मी त्यांना म्हटलं नाही. त्या वाक्याने आपल्याला बरं वाटतं, पण मुलाचा हात पुढेच राहतो. मी विचारलं, पट्टी सुटली कधी?

“2010 ला. कायदा लागू झाला, पट्ट्या कपाटात गेल्या.”

“मग पट्टीच्या जागी काय आलं?”

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “जीभ.” मठ्ठ, दगड, बापाचे पैसे वाया घालवतोस. कायद्याने त्यालाही मनाई होती, पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी टोकलं नव्हतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांचं निरीक्षण करून 1970 मध्ये मांडलेली एक गोष्ट मी शिक्षकांना नेहमी सांगते. ज्यांचे वर्ग नीट चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, त्यांच्यात मूल चुकल्यावर काय केलं यावरून फारसा फरक दिसला नाही. फरक होता तो आधीचा: सगळ्या वर्गावर नजर असणं, कुजबुज वाढायच्या आत ती टिपणं, दोन कामांमध्ये मुलांना रिकामं न सोडणं.

मग आम्ही सराव केला. मी दंगेखोर मुलगा झाले. बाई “शांत बसा” म्हणाल्या. दुसऱ्यांदा आवाज चढला, तिसऱ्यांदा उजवा हात टेबलावर काहीतरी शोधू लागला. “बाई, हात बघा.” त्या दचकल्या. इतक्या वर्षांनंतरही हात पट्टीच शोधत होता.

तिथूनच काम सुरू झालं. कान तापले की बोलणं थांबवायचं, दोन्ही तळवे टेबलावर ठेवायचे, एक लांब श्वास सोडायचा. मग हळू आवाजात एकच सूचना, मुलाला लगेच करता येईल अशी. ‘शांत बसा’ म्हणजे काय ते मुलाला कळत नाही. ‘पुस्तक मिटा, पेन खाली’ हे कळतं. ज्यांनी केलं त्यांची नावं आधी घ्यायची. पाढे घोकावेत तसं आम्ही हे घोकलं, कारण रागात पाठ असलेलंच आठवतं.

केनियात बाईंनी पहिल्या दिवशी टिपणं बाजूला ठेवली आणि त्या मुलाचा हात सांगितला. वचनावरून वाद झाला नाही. दोन शिक्षकांनी मात्र स्पष्ट सांगितलं, आम्ही किबोको सोडणार नाही. त्यातल्या एकाला बाई म्हणाल्या, सोडू नका, फक्त रोज मोजा.

ते शिक्षक मोजतात. बाई परवा मोबाइल घेऊन आल्या होत्या: सोमवार 4, मंगळवार 2, बुधवार 9. त्या नऊने बाई खचल्या होत्या.

“बुधवारी काय झालं ते विचारलंत?”

नव्हतं विचारलं. माझ्यासमोरच त्यांनी मेसेज टाकला. चहा होईपर्यंत उत्तर आलं: शेजारच्या वर्गाचे शिक्षक आले नव्हते, दोन्ही वर्ग एकत्र बसवले होते.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न टाइप करू लागल्या: शिक्षक येत नाहीत त्या दिवशी तुमच्याकडे काय ठरलेलं असतं?