महामारीच्या काळातील मृत्युपत्रे : वाचकांचे प्रश्न

महामारीत न्यायालयांनी मुदती वाढवल्या, सुनावण्या पडद्यावर घेतल्या. मृत्युपत्र करण्याच्या अटी मात्र आपल्याकडे तसूभरही बदलल्या नाहीत. त्या काळातील मृत्युपत्रांवरून आज उठणाऱ्या वादांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

एप्रिल २०२१ मध्ये वडील घरातच विलगीकरणात होते. दोन शेजाऱ्यांनी वेगवेगळ्या दिवशी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. दोघे एकत्र नव्हते, म्हणून मृत्युपत्र रद्द ठरते, असे भाऊ म्हणतो. (डोंबिवली)

भावाचा हा आक्षेप टिकणार नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली त्याच्याकडून समक्ष घेतलेली असावी, आणि नंतर त्याच्या उपस्थितीत स्वतः सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, अशी अट त्यात नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. संसर्गाच्या धास्तीने कित्येकांनी दारातून कागद घेतला आणि खालच्या मजल्यावर आपल्या घरी जाऊन सही केली. तसे घडले असेल तर साक्षांकन सदोष ठरते. उलट, जाळीच्या दाराआड खुर्चीत बसलेल्या वडिलांच्या नजरेसमोर शेजाऱ्यांनी सही केली असेल, तर माझ्या मते अट पुरी होते. दोघांनाही नेमके काय घडले ते आत्ताच विचारून घ्या.

आत्याने रुग्णालयातून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवून फ्लॅट मला देत असल्याचे सांगितले. हे मृत्युपत्र मानले जाईल का? (सातारा)

आत्या हिंदू होत्या असे गृहीत धरतो; तसे असेल तर नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याने तोंडी मृत्युपत्राची सवलत मोहिमेवरील किंवा प्रत्यक्ष युद्धातील सैनिक व वैमानिक आणि समुद्रावरील खलाशी यांनाच दिली आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधूनही मृत्युपत्र वगळलेले आहे. (मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात तोंडी वसीयत चालते, पण तिलाही मालमत्तेच्या एक तृतीयांशाची मर्यादा आहे.) रीतसर सही-साक्षीचा कागद असता, तर मानसिक स्थितीचा पुरावा म्हणून हाच व्हिडिओ फार उपयोगी पडला असता.

लंडनमधील काकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये व्हिडिओ कॉलवर साक्षीदार घेऊन मृत्युपत्र केले. त्यात पुण्यातील सदनिकाही आहे. (पुणे)

इंग्लंड व वेल्समध्ये दोन्ही साक्षीदारांसमोर एकाच वेळी सही करावी किंवा ती कबूल करावी लागते, त्यामुळे टाळेबंदीत तेथील लोकांची आपल्यापेक्षा जास्त अडचण झाली. सप्टेंबर २०२० च्या आदेशाने ३१ जानेवारी २०२० पासून थेट व्हिडिओवरील उपस्थिती ग्राह्य धरली गेली. मुदतवाढीनंतर ही सवलत ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली. सही मात्र पेनानेच आणि सर्वांची एकाच कागदावर हवी होती, म्हणजे तो कागद साक्षीदारांकडे प्रत्यक्ष पोहोचवावा लागे. हे सारे पाळले असेल तर तेथील मालमत्तेपुरते मृत्युपत्र चालेल. पुण्यातील सदनिकेला, काका कोठेही स्थायिक असले तरी, भारतीय कायदाच लागू होतो, आणि पडद्यावरील उपस्थिती कलम ६३ मध्ये बसवणे मला कठीण दिसते.

आई मार्च २०१९ मध्ये वारली. दादरच्या जागेसाठी प्रोबेटचा (मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा) अर्ज जून २०२३ मध्ये केला. मुदत टळली का? (मुंबई)

नाही. तीन वर्षांची मुदत अगदी मृत्यूच्या दिवसापासून मोजली, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला जातो. तुमची मुदत त्यामुळे साधारण मार्च २०२४ पर्यंत होती.

मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार कोरोनात दगावले. आता ते सिद्ध कसे करायचे? (नाशिक)

साक्षीदार हयात नसल्यास किमान एका साक्षीदाराची आणि मृत्युपत्रकर्त्याची सही त्यांच्याच हातची असल्याचे सिद्ध करून भागते. त्यासाठी त्यांचे अक्षर ओळखणारी व्यक्ती शोधा, आणि बँकेतील नमुना सही, सोसायटीचे जुने अर्ज असे सह्यांचे कागद मिळतील तेवढे आत्ताच गोळा करा.