फळं खात नाही, म्हणून सुकवलेली देते

"मुलगा फळाला हात लावत नाही, म्हणून डब्यात सुकवलेली फळं देते. तेवढंच पोटात जातं. चालतं ना मॅडम?" आहार समुपदेशनात हा प्रश्न इतक्या आयांकडून येतो, की एकीची गोष्ट सांगितली तरी बऱ्याच जणींना ती आपलीच वाटेल.

तिचा मुलगा नऊ वर्षांचा. मधल्या सुट्टीत रोज मूठभर सुकी क्रॅनबेरी. मूठभर म्हणजे किती, हे अंदाजाने ठरवत नाही मी. तिलाच वजनकाट्यावर मूठ ओतायला सांगितली. 40 ग्रॅम भरली. मग शेजारच्या वाटीत साखर घालायला लावली. चहाचा एक चमचा, दुसरा, तिसरा. सातव्याला थांबवलं. त्या मुठीत साधारण 29 ग्रॅम साखर होती.

"पण ती फळाचीच ना?"

फळाची फार थोडी. ताजी क्रॅनबेरी आंबटढाण, 100 ग्रॅममध्ये जेमतेम 4 ग्रॅम साखर. नुसती वाळवली तर तोंडात धरवणार नाही, म्हणून कापून पाकात मुरवतात आणि मग वाळवतात. आवळा कँडीचंही तेच. आपल्या तासगावच्या बेदाण्याची गोष्ट वेगळी. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, पण साखर द्राक्षाचीच, पाणी उडून दाट झालेली. त्यात तंतू, लोह, पोटॅशियम टिकतं. क जीवनसत्त्व मात्र वाळवताना जवळपास संपतं. उलट 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या वर, तंतू 5 ग्रॅमहून जास्त आणि साखर 9 ग्रॅमच्या आसपास. 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलाला वरची साखर दिवसाला 37 ग्रॅमच्या आत हवी, निम्म्यावर आली तर उत्तम.

ती गप्प झाली. "म्हणजे दोन वर्षं मी त्याला साखरच चारतेय."

अपराधी वाटून डबा बदलत नाही. मी विचारलं, "त्याने परत आणलेलं शेवटचं फळ कसं दिसत होतं?"

"सफरचंद होतं. काळं पडलेलं, मऊ." आणि मग स्वतःच म्हणाली, "ते तर मीही खाल्लं नसतं."

इथे गाठ सुटली. मूल काय खात नाही, याआधी ते त्याच्यासमोर कुठल्या अवस्थेत येतं हे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. पदार्थ बंद करायला मी क्वचितच सांगते.

फळ रात्री चिरून ठेवू नका, सकाळी चिरा. वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून फोडी तीन मिनिटं बुडवा; आंबटपणामुळे काळं पडणं लांबतं. मग निथळून स्वच्छ फडक्याने कोरड्या पुसा. ही पुसण्याची पायरीच बहुतेक जणी गाळतात आणि फोडी लिबलिबीत होतात. पेरूचा मधला बियांचा गर काढा. एकदा दातात बी अडकली की मूल महिनाभर पेरू घेत नाही. डबा छोटा, काठोकाठ भरलेला, म्हणजे आत हवा कमी.

तिसऱ्या भेटीपर्यंत तिखटमीठ लावलेला पेरू आठवड्यातून चार दिवस संपत होता. क्रॅनबेरी रविवारी दह्यात, चमचाभर. त्या दिवशी तिने एक नवं पाकीट आणलं होतं. पुढे ठळक अक्षरांत 'साखर नाही'. तिने ते उलटं करून घटकांच्या यादीवर बोट ठेवलं, कारण तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात हे तिला आता माहीत होतं. दुसऱ्याच क्रमांकावर सफरचंदाचा आटवलेला रस.

"ही पण साखरच ना, मॅडम?"