१९४४ च्या विलीज जीपसाठी मूळचा कार्बोरेटर कोल्हापुरात मिळेल का?

तयार, आणला आणि बसवला असा नाही मिळणार. पण जो मिळेल तो चालता करून देणारे हात कोल्हापुरात आहेत. शोध कुठे घ्यायचा हे त्यावरूनच ठरवा.

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली विलीज एमबी आहे, आरसी बुकावर १९४४ आहे, सध्या तिच्यावर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर आहे, गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची आहे आणि मेकॅनिक ‘जीपचा ओरिजिनल आणून द्या’ म्हणून मोकळा झालाय. ‘जीपचा ओरिजिनल’ म्हणून कुठेही विचारलंत तर दुकानदार समोर सोलेक्सच ठेवणार, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं जीपवर तोच बसत आला. तुम्हाला हवाय तो कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ मॉडेलचा कार्बोरेटर, नंबर ५३९एस. युद्धातल्या विलीज एमबीला आणि फोर्डच्या जीपीडब्ल्यूला हाच होता. वरच्या कव्हरच्या एका स्क्रूखाली पितळेची छोटी पट्टी असते, तिच्यावर हा नंबर ठोकलेला असतो. पट्टी बहुतेक वेळा हरवलेली असते, आणि नव्या पट्ट्या विकत मिळतात. त्यामुळे नुसती पट्टी बघून पैसे मोजू नका.

त्याआधी गाडीखाली नाही, बॉनेटमध्ये बघा. आरसीवरचं साल गाडीचं असतं, इंजिनाचं असेलच असं नाही. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात नंबर ठोकलेला असतो. सुरुवातीला एमबी असेल तर विलीजचं, जीपीडब्ल्यू असेल तर फोर्डचं. आणि कार्बोरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर न बसता थेट हेडवर बसत असेल, तर ते नंतरचं हरिकेन इंजिन. त्याला कार्टरचंच दुसरं मॉडेल, वायएफ, लागतं, डब्ल्यूओचा उपयोग नाही. कुणी जुना कार्टर दाखवला तर हेही तपासा: डब्ल्यूओच्या आतला पंप (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा) दांड्याचा असतो, वायएफमध्ये डायफ्राम असतो. विकणाऱ्याला हा फरक ठाऊक असेलच असं नाही.

युद्धानंतर आलेल्या विलीजच्या सीजे-२ए या जीपला डब्ल्यूओच होता, नंबर ५९६एस, पुढे ६३६एस. तुमच्या इंजिनावर हे दोन्ही बसतात आणि गाडी नीट चालते. ५३९एस मिळेपर्यंत यातला एखादा सापडला तर खुशाल घ्या. शुद्धतेचा फारच आग्रह असलेला माणूस सोडला तर कुणाला कळणार नाही, आणि असा माणूस भेटला तर तोच तुम्हाला खऱ्याचा पत्ता सांगेल.

शोधायचं कुठे? पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण तिथे नशिबाचा भाग जास्त. मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे चक्कर टाका. दिल्लीत मायापुरी आणि काश्मिरी गेट. जीपपुरतं बोलायचं तर माझा सगळ्यात जास्त विश्वास हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीवर. तिथे जीप बांधणं हाच धंदा आहे, त्यामुळे उतरवलेले जुने भाग पडून असतात. फोनवर ‘आहे’ म्हणाले तरी फोटो मागवा: पट्टीचा, खालच्या फ्लँजचा (मॅनिफोल्डवर टेकणाऱ्या कडेचा) आणि थ्रॉटलच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचा.

नवीन बनवलेले डब्ल्यूओही परदेशातून मिळतात, चकचकीत दिसतात. माझं मत विचाराल तर झिजलेली खरी बॉडी त्यांच्यापेक्षा बरी. नव्यांचा दर्जा डब्यागणिक बदलतो, आणि नव्याच्या आत काय चुकलंय हे शोधण्यापेक्षा जुन्याचं काय झिजलंय हे शोधणं सोपं. फक्त बॉडीला तडा नको.

हातात आल्यावर पहिली गोष्ट, थ्रॉटलचा शाफ्ट, म्हणजे आतली चकती फिरवणारा दांडा, धरून वरखाली हलवा. लडबड असेल तर तिथून हवा खेचली जाते आणि काहीही केलं तरी स्लो लागत नाही. घाबरायचं कारण नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, हे काम होतं. कार्बोरेटरचा खालचा भाग बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, आणि बीड म्हणजे आपल्याकडे रोजचंच. दसऱ्याला महाराजांची मेबॅक येते तेव्हा माणसांऐवजी तिच्या बॉनेटकडे बघणारे बरेचसे तिथलेच असावेत असा मला दाट संशय आहे. टर्नरला एवढंच सांगा की दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये रीम कर (घासून मापात मोठी कर), मग पितळी बुश घाल आणि शाफ्ट नवा कर. वेगवेगळं रीम केलं तर शाफ्ट अडकतो. फुलपाखरू, म्हणजे आतली गोल चकती, काढण्याआधी कोणती बाजू वर होती त्याची खूण करा. तिची कड तिरकी असते, उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही. तिचे स्क्रू मागून ठोकून फुलवलेले असतात, ते घासूनच काढावे लागतात. नवे घातल्यावर पुन्हा फुलवायचे. सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

वरचा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. तो कॉस्टिकच्या टबात बुडवू देऊ नका, खाऊन टाकतं. पॉलिश आणि क्रोमलाही ठाम नकार द्या. कव्हर वाकलं असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हाताने घासत सपाट करा. पितळी फ्लोट गरम पाण्यात धरा, बुडबुडा आला तर भोक आहे. ते बुजवताना कथील कमीत कमी लावा, वजन वाढलं की लेव्हल बिघडते. लेव्हल बघताना कव्हर उलटं धरायचं आणि गॅस्केटशिवाय कव्हर ते फ्लोट ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर ठेवायचं. मीटरिंग रॉड आणि जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सळी आणि तिचं भोक) जोडीनेच बदला, एक जुना एक नवा असं नको.

पंपाचं जुनं चामडं मात्र ठेवू नका. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! इथेनॉल पाणी धरतं आणि जस्तावर पांढरी पूड चढते. पंपाचा वॉशर, रबरी नळ्या, पॅकिंग सगळं इथेनॉल सोसणारं घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि नंबरात ‘व्हीए’ येतं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, हा मुद्दा. कार्बोरेटरवरून कुणी अडवणार नाही, पण एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओ ऑफिसात जाण्याआधी इंजिन नंबर आरसीशी जुळतोय ना ते बघून घ्या.

सोलेक्स उतरवला की भंगारात टाकू नका. कार्टर टर्नरकडे असेपर्यंत इंजिन अधूनमधून चालू ठेवायला तोच लागेल. एअर क्लीनरपासून येणारी आडवी नळी सोलेक्ससाठी कुणी कापली किंवा वाकवली आहे का, तेही आत्ताच बघा, कारण ती नळी कार्बोरेटरपेक्षाही अवघड सापडते.