शुक्रवारी रात्री निवृत्ती घेऊ नका

"माझा खेळ बिघडलाय की संपलाय, हे ओळखायचं कसं?" माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या खेळाडूंकडून हा प्रश्न वारंवार येतो. नोकरी करणारेही विचारतात, पण त्यांच्या खात्यात महिनाअखेर पगार जमा झालेला असतो. व्यावसायिक गोल्फरला तेवढाही आधार नसतो.

तिशी ओलांडलेला एक गोल्फर पत्नीसोबत आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मागे एक स्पर्धा जिंकलेली, आता एकामागून एक कट हुकत होते. चार दिवसांच्या बहुतेक स्पर्धांत ३६ होलनंतर, म्हणजे सहसा शुक्रवारी, कट लागतो: ठरावीक स्कोअरच्या मागे राहिलेले बाहेर पडतात. तो हुकला की साधारणपणे बक्षिसाची रक्कम शून्य. प्रवास, हॉटेल, कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) यांचा खर्च मात्र चुकत नाही. हा बहुधा एक-दोन फटक्यांनीच बाहेर राही आणि शुक्रवारी रात्री घरी फोन लावून म्हणे, "बस्स, सोडतो आता." सोमवारी पुन्हा सरावाच्या रेंजवर हजर.

"हे घरी येतात ना, तेव्हा आधी स्कोअर आत येतो, मागून हे," पत्नी म्हणाली.

बोलतानाही त्याचा अंगठा मोबाईलवर जागतिक क्रमवारी वर-खाली सरकवत होता. मग आम्ही तिथूनच सुरुवात केली. ही क्रमवारी दोन वर्षांच्या कामगिरीवर ठरते. मिळवलेले गुण १३ आठवडे पूर्ण धरले जातात, पुढे दर आठवड्याला थोडे थोडे झिजतात. त्याच्या त्या विजयाचे गुण आता झिजत होते.

"म्हणजे मी घरी झोपून राहिलो तरी घसरणार?"

"शक्य आहे."

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

फक्त परत आलेल्यांच्याच कथा मी सांगत नाही, ती फसवणूक वाटते. अमेरिकन गोल्फर स्टीव्ह स्ट्रिकर खेळ हरवून बसला होता. तो २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं पीजीए टूर या अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या 'कमबॅक' (पुनरागमन) पुरस्काराचा मानकरी ठरला. दुसरा अमेरिकन गोल्फर डेव्हिड ड्युव्हल १९९९ मध्ये जगात अव्वल होता, २००१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला, पण त्यानंतर पीजीए टूरवर त्याला एकही विजेतेपद मिळालं नाही. आणि तरीही २००९ च्या यूएस ओपनमध्ये तो संयुक्त दुसरा आला! घसरणीच्या मधोमध उभं राहून आपण यातले कोण, हे कुणालाच कळत नाही.

म्हणून 'सोडू की नको' याचं उत्तर मी त्याला शोधू दिलंच नाही. ते कधी शोधायचं, एवढंच ठरवलं. पत्नी आणि प्रशिक्षक यांच्यासोबत बसून त्यानं तीन गोष्टी लिहून काढल्या: बचतीतली किती रक्कम लावायची, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या दिवशी काय तपासायचं. तपासायच्या यादीत क्रमवारी नव्हती. ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) येणारे लांबचे फटके आणि छोटे पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचे हलके फटके), हे प्रशिक्षकाच्या वहीतले आकडे होते. पैशाची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पत्नीनं आकडा सांगितला, त्यानं तो खोडला, तिनं पुन्हा लिहिला. तारीख येईपर्यंत निवृत्तीचा विषय बंद, शुक्रवारी तर अजिबात नाही.

पहिला शुक्रवार त्याला जड गेला. फोनवर काय बोलायचं तेच सुचेना, म्हणून पत्नीनं नळाच्या गळतीचा विषय काढला.

तारखेला अजून अवकाश आहे. मध्यंतरी काही कट पार झाले, काही हुकले. मला तो पूर्वी दर आठवड्याला फोन करायचा, हल्ली महिन्यातून एकदा करतो.