बारा वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेहून कंपोझिट बेसबॉल बॅट मागवावी का?

मामा दिवाळीला अमेरिकेहून येतोय, भाच्यासाठी भारीतली कंपोझिट बॅट (कार्बन फायबर आणि रेझिन नावाच्या चिकट पदार्थाची) आणतो म्हणतोय, कुठली सांगू, असं तुम्ही विचारलंय. तुम्हीही सोलापूरचेच, म्हणून मोकळेपणानं लिहितो. मी शाळेत असताना पार्क मैदानावर खेळलो, आता सकाळी पोरांना शिकवतो.

आधी एक सांगा, ती बॅट फक्त तुमचा मुलगा वापरणार की अख्खी टीम? आपल्याकडे बॅट एकाची आणि मारणारे पंधरा. मागं आमच्या पालकांनी वर्गणी काढून एक कंपोझिट घेतली. बॉलिंग मशीनचे खळगेवाले कडक बॉल, पावसात भिजून जड झालेले बॉल, सगळे तिच्यावरच. दोन महिन्यांत बॅरलवर (बॅटच्या जाड भागावर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटल्या, आवाज बद्द झाला. ॲल्युमिनियमच्या बॅटला पोचा आला तरी सरावाला ती रेटता येते. कंपोझिटला तडा गेला की खेळ खलास, आणि वॉरंटीसाठी ती परत अमेरिकेला कोण धाडणार? म्हणून बॅट सगळ्यांच्या हातात फिरणार असेल तर सरळ ॲल्युमिनियमची मागवा, उरलेल्या पैशात चांगला ग्लोव्ह येईल.

एकट्याचीच असेल तर कंपोझिट जरूर घ्या, जमल्यास दोन तुकड्यांची, म्हणजे दांडा आणि बॅरल वेगळे बनवून जोडलेली. बॉल चुकीच्या जागी लागला की हाताला झिणझिण्या येतात, त्या हिच्यात कमी येतात. पण वाढत्या अंगाचा गणवेश घेतो तशी बॅट घेऊ नका. इंचातल्या लांबीतून औंसातलं वजन वजा केलं की येतो तो ड्रॉप. 30 इंची, उणे 10 ची बॅट म्हणजे 20 औंस, साधारण 567 ग्रॅम. तीच उणे 5 ची घेतली तर 700 ग्रॅमच्या वर जाते. टीममधली एखादी बॅट मुलाला एका हातानं खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला लावा. वीस-तीस सेकंदांच्या आत हात लटपटला तर ती त्याला जड आहे, मग कोच काहीही म्हणोत. (मीही कोचच आहे.)

शिक्क्याचंही बघा. 2018 पासून अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये) ‘यूएसए बेसबॉल’ शिक्क्याची बॅट लागते, ती लाकडाच्या जवळपास वागेल अशी बनवतात. ‘यूएसएसएसए’ या दुसऱ्या अमेरिकी संस्थेच्या शिक्क्याची जास्त उसळी देते, पण तिथं चालत नाही. इथल्या स्पर्धेत काय चालतं ते आयोजकांना विचारूनच मामाला कळवा.

क्रिकेटची नवी बॅट आपण मुरवतो ना, तशी हीही मुरवायची. साधे बेसबॉल घ्यायचे, सुरुवातीला अर्ध्या ताकदीनं मारायचं, दर फटक्याला बॅट थोडी फिरवायची. दीडशे-दोनशे फटक्यांनंतर ती मोकळी होते. हातोडीनं ठोकू नका, भिंतीवर आपटू नका.

अमेरिकेतले लोक थंडीत कंपोझिट काढू नका म्हणतात, साधारण 15-16 अंशांखाली ती तडकते म्हणून. आपल्याला डिसेंबर-जानेवारीतल्या गार पहाटा सोडल्या तर ती काळजी नाही. आपला वैरी ऊन. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बॅट ठेवली तर आतला रेझिन खराब होतो. सराव झाला की घरात आणून ठेवायची.

आणि मामाला सांगा, बॅट चेक-इन बॅगेत टाक. केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.