छातीत जळजळ नाही, तरी डॉक्टर घशाला ॲसिडिटी म्हणतात. हे कशावरून ठरवतात?

जळजळ नसतानाही असं होऊ शकतं. अशा अनेक रुग्णांना जळजळ होतच नाही. माणूस समोर बसतो, एक वाक्य बोलायच्या आत दोनदा खाकरतो आणि गळ्यावर बोट ठेवून सांगतो, "इथे काहीतरी अडकलंय, गिळूनही जात नाही." संशय तिथेच येतो. सोबत सकाळी बसलेला आवाज, आडवं झाल्यावर खोकला.

पोटातलं आम्ल उलटं वर घशाकडे येणं म्हणजे रिफ्लक्स. त्याच्या तक्रारी मोजायला 2002 पासून रिफ्लक्स सिम्प्टम इंडेक्स नावाची प्रश्नावली आहे. 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण. बेरीज 13 च्या वर गेली तर संशय बळावतो. मग दुर्बिणीने स्वरयंत्र बघतात: मागचा भाग सुजलेला, लाल, चिकट कफाच्या तारा. त्याचेही गुण असतात, 26 पैकी 7 च्या वर म्हणजे रिफ्लक्सची शक्यता.

पण नुसत्या लालीवर विश्वास ठेवू नका. तंबाखू, ॲलर्जी, दिवसभर ओरडून शिकवणं यानेही घसा तसाच दिसतो, आणि दोन डॉक्टरांचे गुण नेहमी जुळतातच असं नाही. म्हणून लक्षणं आणि तपासणी दोन्ही एकत्र बघायची. तरी शंका उरली तर नाकातून बारीक नळी घालून 24 तासांची पीएच-इम्पीडन्स तपासणी करतात, म्हणजे पोटातलं आम्ल किंवा द्रव किती वेळा वर येतो ते मोजतात.

आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल, एकाच बाजूला दुखत असेल, गिळताना अडकत असेल, थुंकीत रक्त किंवा मानेला गाठ असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्या घेत थांबू नका. आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.